आत्याची बिलोरी माळ

आमच्या घरात 'जुना बाजार' हे शब्द दोनच प्रसंगी उच्चारले जात. एखादी वस्तू घराबाहेर काढायची असली म्हणजे, किंवा कोणी आणलेल्या वस्तूची किंमत करायची असली म्हणजे. "हे काय जुन्या बाजारातून उचलून आणलंस?" असे आई म्हणाली, की वस्तू आणि ती आणणारा या दोघांचाही निकाल लागे. वापरलेली पुस्तके आम्ही खुशाल घेत असू. सायकलही चालायची. पण दुसऱ्या बाईच्या गळ्यातला दागिना? नाव काढू नका! कोणाचा असेल, कशापायी विकला असेल, घालणारी आहे की गेली, हजार शंका. सोन्याची गोष्ट वेगळी; ते सोनाराच्या मुशीत वितळले की त्याचे गोत्र बदलते. काचेला ती सोय नाही.

अशा घरात वाढलेला मी, महाविद्यालयात मराठी शिकवणारा आणि चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, गेली काही वर्षे सुटीच्या सकाळी जुन्या बाजारात गोणपाटासमोर उकिडवा बसून काचेचे मणी निवडतो. एकदा माझ्याच वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांनी मला तिथे पाहिले. त्यांनी अदबीने नमस्कार केला आणि पलीकडच्या ढिगाकडे वळले. सोमवारी मी फळ्याकडे तोंड केल्यावर मागे जी कुजबुज झाली, ती कोणत्या विषयावर होती हे सांगायला नको.

हा छंद मला हौसेने लागलेला नाही. तो एका चुकीतून, आणि त्या चुकीवर घातलेल्या एका खोट्याच्या पांघरुणातून लागला.

२०१९ साली आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची होती. वाड्यात शेवटपर्यंत राहिली होती ती माझी आत्या. तिने लग्न केले नाही. सारी उमर शाळेत गणित शिकवण्यात घालवली. त्या सुमारास ती पाय मोडून नाशिकला माझ्या बहिणीकडे होती, आणि तिच्या तीन खोल्या आठ दिवसांत रिकाम्या करण्याचे काम माझ्याकडे आले. भांडी, कपाटे, रद्दी, देवघर. सहाव्या दिवशी माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो, हे ज्याने घर हलवले आहे त्यालाच कळेल. फडताळाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत मोडक्या चष्म्याची काडी, केसांचे आकडे, दोन-तीन शाईची पेने आणि दोरा तुटलेली एक काचेची माळ. मणी मळके, निस्तेज. खरे दागिने बँकेत आहेत हे मला ठाऊक होते. 'काचच तर आहे,' असे मनाशी म्हणून मी तो डबा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. त्याने तो वजनातही धरला नाही.

महिन्याने आत्या आमच्याकडे राहायला आली. दोन दिवस तिने आपल्या पेट्या लावल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मला विचारले, "अरे, माझी बिलोरी माळ कुठल्या पेटीत ठेवलीस?"

मी म्हटले, "असेल ना सामानात. शोधून देतो."

त्याच रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन उभा राहिलो. भंगारवाल्याकडे आधी चौकशी केली होती. त्याने 'असले बारीकसारीक तिकडेच जाते' एवढेच सांगितले. माझ्याजवळ आत्याच्या शाळेचा एक जुना फोटो होता. शिक्षकवर्ग दोन ओळींत बसलेला, आणि मागच्या ओळीत तरुण आत्या, गळ्यात ती माळ. मधला मणी मोठा, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेले लहान लहान मणी, प्रत्येकाला पैलू. तेवढ्या भांडवलावर मी पहिल्याच दिवशी तशीच एक माळ शोधून, घासाघीस करून, विजयी मुद्रेने घरी आलो. सौभाग्यवतीने ती हातात घेतली आणि म्हणाली, "अहो, हे प्लॅस्टिक आहे!"

पुढच्या खेपेला तीच माळ मी विकणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवली. तो रागावला नाही. "मास्तर, घेताना गालाला लावून बघायची," एवढेच म्हणाला आणि एक मणी माझ्या गालाला टेकवला. थंडगार! काच गालाला गार लागते आणि तो गारवा क्षणभर टिकतो. प्लॅस्टिक लगेच कोमट होते. मग त्याने दोन मणी एकमेकांवर हलकेच आपटून आवाज ऐकवला, तळहातावर घेऊन वजन पाहायला लावले. माझी शिकवणी अशी सुरू झाली. घड्याळजी वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग मी विकत घेतले. भिंगातून पाहिले की साच्यात ओतलेल्या मण्याच्या कडा गोलसर, बोथट दिसतात आणि पुष्कळदा सांध्याची रेघही दिसते. चाकावर घासून पाडलेल्या पैलूंच्या कडा कशा तासून काढल्यासारख्या असतात. हाताने घासलेल्या जुन्या मण्यांचे पैलू तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यांची गंमत नेमकी त्यातच असते.

इथे एक घोटाळा आधीच निस्तरला पाहिजे. आपण 'क्रिस्टल' म्हणतो तो बहुधा स्फटिक नसतो. खरा स्फटिक जमिनीतून निघतो. तो गारेच्या जातीचा खनिज दगड. जपमाळेतला स्फटिक तो हा, निदान तो असावा अशी अपेक्षा. दागिन्यांतले क्रिस्टल म्हणजे काचच, पण खास काच. १६७४ साली लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेच्या रसात शिशाचे भस्म मिसळण्याच्या कृतीचा एकस्वाधिकार मिळवला. शिसे मिसळले की काच जड होते, पैलू पाडायला मऊ पडते आणि प्रकाशाला जास्त वाकवते. म्हणून ती साध्या काचेहून अधिक लखलखते. दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मोठा गोल मणी केसावर धरून फिरवत पाहावे. खऱ्या स्फटिकातून काही बाजूंनी एका केसाचे दोन दिसतात. काचेतून एकच दिसतो. काचेत कधी बारीक बुडबुडेही सापडतात. काच निघाली म्हणून मात्र नाक मुरडू नये. शिशामुळे एक पथ्य तेवढे पाळावे: असे मणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, ती आधी तोंडात घालतात.

आणि 'बिलोरी' हा शब्द? मराठीच्या मास्तराला एवढी सवलत द्यावी. संस्कृतातले वैडूर्य, प्राकृतातले वेरुलिय. ते व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर पश्चिमेला गेले आणि ग्रीकांकडे 'बेरिल्लोस' झाले, असे व्युत्पत्तिकार मानतात. त्याचेच अरबी-फारसीत बिल्लौर झाले, आणि तिथून ते मराठीत बिलोर, बिलोरी होऊन माघारी आले. जर्मन लोक चष्म्याला 'ब्रिल' म्हणतात तेही याच घराण्यातले, कारण पहिली भिंगे असल्याच पारदर्शक खड्यांची घासत. म्हणजे हा शब्दच मुळी हातोहात फिरून, रूप बदलून घरी परतलेला माल आहे. आपण तो आनंदाने वापरतो आणि 'कोणाच्या तोंडचा?' म्हणून विचारत नाही.

पुण्याच्या बाजारात मला दोन वेळा थोडे थोडे मणी मिळाले, पण फोटोतल्यासारखी अखंड माळ मिळेना. तेव्हा म्हाताऱ्यानेच मुंबईच्या चोर बाजाराची वाट दाखवली. सकाळच्या गाडीने निघालो. वाटेत तळेगाव आले, आणि या साऱ्या काचेच्या कथेचा एक धागा आपल्याही दारातून गेला आहे, याची आठवण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात येणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मणी यांचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून, बोहेमियातून येई. घरोघरच्या सवाष्णींच्या हातांतला पैसा असा परदेशी जात होता. त्याला उत्तर म्हणून, अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा जमवून उभारलेल्या आणि लोकमान्यांचा पाठिंबा लाभलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आज आपण ज्या जुन्या मण्यांवर जीव टाकतो, त्यांच्यावर आपल्या पणजोबांनी बहिष्कार घातला होता, ही गोष्ट मी विसरत नाही.

त्या बोहेमियातले याब्लोनेत्स हे गाव, जर्मन नाव गाब्लोंझ, या धंद्याचे माहेर. त्याच डोंगराळ मुलखात १८६२ साली एका काच घासणाऱ्याच्या घरी डॅनियल स्वारोव्हस्की जन्मला. हाताने घासण्यात जाणारा वेळ पाहून त्याने पैलू पाडणारे यंत्र काढले, १८९२ साली त्याचा एकस्वाधिकार मिळवला आणि १८९५ मध्ये बिऱ्हाड उचलून थेट टिरोलमधल्या वाटेन्सला नेले. तिथे डोंगरी ओढ्यांच्या पाण्यावर यंत्रे चालवता येत होती आणि आपली युक्ती पाहणारे शेजारीही नव्हते. गाब्लोंझच्या उरलेल्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना घरेदारे सोडून जावे लागले. त्यांतल्या पुष्कळांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नवी वस्ती वसवून तिला 'नॉयगाब्लोंझ', म्हणजे नवे गाब्लोंझ, असे नाव दिले आणि पुन्हा मणी घडवायला बसले.

मटण स्ट्रीटवरच्या एका अंधाऱ्या दुकानात, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांचे कंदील यांच्या मागे, मला दोन माळा मिळाल्या. एकीच्या फाशावर लहान अक्षरांत 'चेकोस्लोव्हाकिया' असा ठसा होता. असा ठसा म्हणजे जन्मपत्रिकाच! तो देश १९१८ साली जन्मला आणि १९९३ च्या पहिल्या जानेवारीला त्याचे दोन देश झाले. दुसऱ्या माळेच्या मण्यांवर मोराच्या कंठासारखी रंगाची झाक होती. हा काचेवर चढवलेला अतिशय पातळ धातूचा थर. स्वारोव्हस्कीच्या कारखान्याने तो १९५६ साली बाजारात आणला. त्यामुळे मोरकंठी झाक असलेली माळ कोणी 'आजीच्या आजीची' म्हणून गळ्यात मारू लागला, तर हसून पुढे जावे. दुकानदार चलाख होता, पण खोटा नव्हता. दुसरी माळ मी जागेवर ठेवली, पहिली घेतली.

घरी आल्यावर कळले की माल मिळवणे हे अर्धेच काम. माळेबरोबर मी एक जडावाची पिनही हौसेने घेतली होती. ती रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी पाहतो तो खडे काळे पडलेले! मागून बंद कोंदणातल्या अशा खड्यांना आरशासारखा मुलामा दिलेला असतो. त्याच्या फटीत पाणी शिरले की तो उडतो आणि खडा आंधळा होतो. अशी वस्तू कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावी. आरपार भोकाच्या सुट्या मण्यांना ही भीती नाही. ते दोऱ्यातून काढून, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, टॉवेलवर वाळवावेत. आंधळ्या झालेल्या त्या पिनेचे चांगले राहिलेले चार खडे मी जपून ठेवले. त्यांनी पुढे सौभाग्यवतीच्या मावशीच्या कुड्यांतली पोकळी भरून काढली. एकाचे मोडले, दुसऱ्याचे जुळले.

ओवण्यासाठी लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका बोळातल्या पटवेकऱ्याकडे गेलो. त्याच्या घरी तीन पिढ्या मोत्यांचे दागिने गाठवतात. मणी पाहून तो म्हणाला, "साहेब, मोती रेशमात सुखाने बसतो. काचेच्या भोकाला धार असते. ती रेशीम कापते. म्हणून असल्या माळा हटकून तुटतात." त्याने नायलॉनचे आवरण असलेली बारीक पोलादी तार घेतली, आणि मणी मण्यावर आपटून टवका उडू नये म्हणून दोन मण्यांमध्ये एकेक बारीक पोतीचा मणी घातला. जुना ठसा असलेला फासा तोच ठेवायला सांगितला.

मध्ये करोनाच्या टाळेबंदीत बाजारच बंद पडले. अशा रीतीने दोन वर्षांत, तीन ठिकाणच्या त्रेपन्न मण्यांची एक माळ तयार झाली. २०२१ च्या दसऱ्याला मी ती आत्यापुढे ठेवली. फोटो शेजारी धरला असता तर कोणीही फसले असते.

आत्याने चष्मा लावला. एकेक मणी बोटाखालून सरकवत तिने सारी माळ मोजली. गणिताची शिक्षिका ती.

"ही ती नव्हे," ती म्हणाली. "माझीत एकसष्ट होते. आणि मधल्या मण्याचा टवका उडाला होता. भंगारात दिलीस ना?"

मी मान खाली घातली आणि सगळे सांगितले. ती रागावेल, निदान रडेल, असे वाटले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला सांगते, पण हसू नकोस. ती माळही जुन्या बाजारातलीच होती."

१९६१ च्या जुलैत, १२ तारखेला, पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठचे निम्मे पुणे धुऊन नेले. आमचा वाडा वाचला होता. आत्या तेव्हा वीस वर्षांची. पुढच्या वर्षी तिला शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारातले पैसे आईच्या हाती देऊन उरलेल्या तीन रुपयांत तिने जुन्या बाजारातून ती माळ घेतली. "कोणालाही सांगितलं नाही. मुंबईहून मैत्रिणीने आणली म्हणून ठोकून दिलं. आमच्या घरी तेव्हा दुसरीच्या गळ्यातलं घालू दिलं नसतं. रात्री मोरीत बसून धुतली. मण्यांच्या भोकांत वाळलेला गाळ होता रे. टाचणीने काढला."

ती थांबली. बाहेर कोणीतरी आपट्याची पाने देऊन गेले.

"तेव्हाच कळलं होतं ती कुठून आली असेल ते. विकणाऱ्याला विचारता आलं असतं, कुठल्या वाड्यातली म्हणून. त्या बाईला शोधता आलं असतं. होती का गेली, तेवढं तरी. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर परत द्यावी लागली असती ना! हौस होती. मग आयुष्यभर घातली, आणि घातली की आठवायचं." माळ गळ्याला लावून तिने फासा माझ्याकडे केला. "तू निदान दोन वर्षं शोधलंस. लाव."

मी फासा लावला. मला तेव्हा काय वाटले ते लिहिता येण्यासारखे नाही.

त्या दिवसापासून मी बाजारातली एक रीत बदलली. आता मी किंमत विचारण्याआधी वस्तू कुठून आली हे विचारतो. पुष्कळदा 'लॉटमध्ये आली' एवढेच उत्तर मिळते. पण कधी कळते, की कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईच्या कपाटातली, किंवा मुले परदेशी गेल्यामुळे बंद झालेल्या एका घरातली. एका वहीत मी तारीख, जागा आणि कळले तेवढे लिहून ठेवतो. एकदा एका डबीत दागिन्याबरोबर बाळाच्या दाताची पुरचुंडी आणि एक पत्र निघाले. पत्रावर पत्ता होता. ती डबी मी जशीच्या तशी पोहोचवून आलो. दार उघडणाऱ्या गृहस्थांना आपल्या आईची डबी घरातून गेलेली ठाऊकच नव्हती. त्यांनी मला बसवून चहा दिला.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही घरी असा एखादा पत्र्याचा डबा निघेल. त्यातली काच बाजारात फारशा किमतीची नसेल, आणि असली तरी मुद्दा तो नाही. ती ज्यांची आहे ते माणूस घरात असेल तर टाकण्यापूर्वी त्याला विचारा. नसेल तर ज्याला आठवत असेल त्याला विचारा. तुटलेली माळ पुन्हा गाठवता येते. एकच कुडी उरली असेल तर तिची पदराची पिन होते, फुटक्या झुंबराचा लोलक खिडकीत टांगला तर सकाळी भिंतीवर सात रंग पडतात. मात्र एकदा पोत्यात गेलेला डबा परत मिळत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. माळ रोज घालत नाही; मान दुखते म्हणते. ती आपल्यामागे कोणाला द्यायची हे तिने ठरवले आहे, आणि माझ्या मुलीला तीन रुपयांसह सगळी हकिगत सांगूनही टाकली आहे. मुलीने ती माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिली.

माळेत न जुळलेले अकरा मणी उरले होते. ते मुलीने गेल्या वर्षी आकाशकंदिलाच्या आत, दिव्याभोवती दोऱ्याने सोडले. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा गॅलरीच्या छतावर प्रकाशाचे ठिपके फिरू लागले. आत्या खुर्ची ओढून खाली बसली आणि सवयीने मोजू लागली. वारा असल्यामुळे तिचा हिशेब लागत नव्हता.